रोज सकाळी पहिल्या प्रयत्नात सुरू न होणारा संगणक: मदरबोर्ड बदलण्याआधी काय तपासावे

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडतो. तुमचा डेस्कटॉप संगणक सात वर्षांचा आहे आणि तुम्ही कोकणात राहता. रोज सकाळी बटण दाबले की दिवा लागतो आणि पंखे फिरतात, परंतु पडदा काळाच राहतो. दोन-तीन वेळा बंद-चालू केल्यावर संगणक सुरू होतो आणि मग रात्रीपर्यंत त्याची काही तक्रार नसते. घड्याळ अधूनमधून मागे पडलेले दिसते. रात्री झोपताना तुम्ही भिंतीवरचे बटण बंद करता. दुरुस्ती करणाऱ्याने आधी विंडोज नव्याने टाकली, त्याचा उपयोग झाला नाही. नंतर रॅम, म्हणजे चालू कामाची माहिती तात्पुरती धरणारी पट्टी, काढून खोडरबराने पुसली, तेव्हा पंधरा दिवस बरे गेले आणि पुन्हा तोच प्रकार सुरू झाला. आता तो मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडलेले असतात तो मुख्य बोर्ड, बदलायला सांगतो आहे आणि तो बदलावा का, असे तुम्ही विचारले आहे.

माझे उत्तर असे आहे की इतक्यात बदलू नये. मदरबोर्ड बिघडलेला असूच शकत नाही असे मी म्हणत नाही, पण त्याच्यावर ठपका ठेवण्यासाठी ज्या चाचण्या व्हायला हव्यात त्यांपैकी एकही झालेली दिसत नाही. गेली वीस-बावीस वर्षे हेच काम करत असल्यामुळे सांगतो, 'सकाळी रुसतो आणि दिवसभर चालतो' या तक्रारीत मदरबोर्ड खरोखर दोषी निघण्याचे प्रसंग मला थोडेच आठवतात. एसएमपीएस (भिंतीवरची वीज घेऊन आतल्या भागांना कमी व्होल्टचा पुरवठा देणारा डबा), बोर्डावरचा तीन व्होल्टचा सेल, रॅमचा स्लॉट (ती बसवायची खाच) आणि खुद्द भिंतीवरचा सॉकेट हे त्याच्या आधीचे संशयित आहेत आणि सगळेच त्याच्यापेक्षा स्वस्त आहेत.

विंडोज पुन्हा टाकण्याचा उपयोग का झाला नाही, हे आधी समजून घेऊ. पडदा पूर्ण काळा राहतो आणि त्यावर बोर्डाच्या कंपनीचे चिन्हसुद्धा उमटत नाही, याचा अर्थ गाडी विंडोजच्या स्टेशनापर्यंत पोहोचलेलीच नसते. बटण दाबल्यावर बोर्ड एसएमपीएसकडून येणारी हिरवी तार काळ्या, म्हणजे ग्राउंडच्या, तारेशी जोडतो, त्यासरशी एसएमपीएस बारा, पाच आणि ३.३ व्होल्टचे पुरवठे सुरू करतो, ते स्थिर झाल्यावर साधारण १०० ते ५०० मिलिसेकंदांत करड्या तारेवरून 'पुरवठा ठीक आहे' असा संकेत देतो, आणि तो संकेत मिळाल्यावरच बोर्ड प्रोसेसरला मोकळे करतो. त्यानंतर प्रोसेसर बायोस, म्हणजे बोर्डावरच साठवलेला सुरुवातीचा छोटा प्रोग्राम, वाचतो, रॅम तपासतो, ग्राफिक्स जागे करतो आणि तेव्हा कुठे पडद्यावर पहिले चित्र येते. डिस्क शोधण्याची आणि विंडोज उचलण्याची पाळी त्याच्याही नंतरची. तुमचा बिघाड बटण आणि पहिले चित्र यांच्यामधल्या काही सेकंदांत आहे, आणि तिथे विंडोजचा काडीचाही संबंध नाही.

याच साखळीवरून आणखी एक गैरसमज दूर होतो. पंखे फिरतात म्हणजे एसएमपीएस चांगला आहे, असे पुष्कळजण समजतात आणि काही दुरुस्ती करणारेही तसेच सांगतात. पंख्याला बारा व्होल्टची तार थेट मिळते, आणि पुरवठा थोडा कमी असला किंवा त्यात खळबळ असली तरी पंख्याला त्याचे काही वाटत नाही. प्रोसेसर आणि रॅम मात्र त्या बाबतीत फार नाजूक असतात. हिरवी आणि काळी तार वायरच्या तुकड्याने जोडून एसएमपीएसचा पंखा फिरवून दाखवण्याची जी चाचणी सर्वत्र केली जाते, तिनेसुद्धा एवढेच कळते की एसएमपीएस ठार मेलेला नाही.

आता तुमच्या बिघाडाच्या स्वभावाकडे येतो, कारण निदानाची खरी अडचण तिथेच आहे. हा बिघाड दिवसातून फक्त एकदा, रात्रभराच्या विश्रांतीनंतर दिसतो. एकदा संगणक सुरू झाला की त्या दिवसापुरता पुरावा नाहीसा होतो. तुम्ही तो गाडीवर घालून दुकानात नेता, वाटेत कॅबिनेट हादरते, तिथे झाकण उघडून तारा हलवल्या जातात, रॅम काढून बसवली जाते, आणि मग तो पहिल्या फटक्यात सुरू होतो. दुकानदार प्रामाणिक असला तरी त्याला दोष दिसतच नाही. म्हणून या तक्रारीत घरचा माणूस दुकानदारापेक्षा चांगले निदान करू शकतो, मात्र त्याने एक पथ्य पाळायला हवे: रोज रात्री एकच गोष्ट बदलायची, सकाळी एकदाच निकाल पाहायचा आणि तो तारखेसह वहीत लिहायचा. एका रात्रीत सेल बदलला, रॅम पुसली आणि तारही बदलली, तर सकाळी संगणक सुरू झाला तरी कशामुळे सुरू झाला हे कधीच कळणार नाही. खोडरबराच्या बाबतीत तुमचे हेच झाले. रॅम काढताना शेजारच्या तारा सरकल्या असतील, चोवीस पिनांचा मोठा जोड थोडा दाबला गेला असेल, प्लग काढून पुन्हा घातला असेल. त्या पंधरा दिवसांचे श्रेय रॅमलाच द्यावे असे काही सिद्ध झालेले नाही.

झाकण उघडण्याच्या आधीही काही गोष्टी पाहून घ्याव्यात. सकाळी पडदा काळा असताना कीबोर्डवरचे कॅप्स लॉक दाबून पाहा. त्याचा दिवा दर वेळी लागत-विझत असेल, तर संगणक आतून सुरू झालेला आहे आणि चित्र फक्त तुमच्यापर्यंत पोहोचत नाही. मग मॉनिटर, त्याची तार किंवा ग्राफिक्स कार्ड यांच्याकडे पाहावे लागेल. वेगळे ग्राफिक्स कार्ड असूनही मॉनिटरची तार बोर्डाच्या मूळ सॉकेटात खोचलेली असणे, हा प्रकार तर घरात साफसफाई झाल्यानंतर हमखास होतो. दिवा हलतच नसेल, तर प्रोसेसर पुढे गेलेला नाही असे धरून चालावे. दुसरी गोष्ट म्हणजे पडदा काळा दिसताक्षणी घाईने बंद करू नये. बायोसमधल्या नोंदी पुसल्या गेल्या असतील तर बोर्ड रॅमशी नव्याने जुळवून घेतो, आणि त्या काळात तो काळा पडदा ठेवून स्वतःहून एक-दोनदा बंद-चालूही होऊ शकतो. घड्याळ लावून दोन मिनिटे थांबावे. एवढ्यात चित्र आले, तर ज्याला तुम्ही दुसरा किंवा तिसरा प्रयत्न म्हणत होता तो कदाचित पहिल्याच प्रयत्नाचा उरलेला भाग होता.

दोन मिनिटांनीही काही झाले नाही, तर मोठे बटण चार सेकंद दाबून बंद करण्याऐवजी कॅबिनेटवर रीसेटचे छोटे बटण असल्यास ते दाबावे. रीसेटने पुरवठा खंडित होत नाही, फक्त प्रोसेसर पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. रीसेट दाबताच संगणक सुरू होत असेल, तर पहिल्या वेळी पुरवठा पुरेसा स्थिर होण्याआधीच प्रोसेसर धावायला लागला होता, असा त्याचा एक अर्थ निघतो आणि संशय एसएमपीएसकडे झुकतो. हा केवळ इशारा आहे, पुरावा नव्हे, परंतु वहीत त्याची नोंद अवश्य असावी.

आता भिंतीवरच्या बटणाकडे वळतो. तुम्ही सहज जाता जाता लिहिलेले हे वाक्य मला साऱ्या प्रश्नात सर्वांत मोलाचे वाटले. संगणक बंद असला तरी प्लगमध्ये वीज असेपर्यंत एसएमपीएसचा एक छोटा भाग जागा असतो आणि जांभळ्या तारेवरून पाच व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देत राहतो. या पुरवठ्यामुळे दोन गोष्टी घडतात. एक तर बोर्डाचे घड्याळ त्याच्यावर चालते आणि सेलवर भार पडत नाही. दुसरे म्हणजे एसएमपीएसचा तो भाग थोडासा उबदार राहतो. आपल्याकडे रात्री भिंतीवरचे बटण बंद करण्याची सवय आहे आणि ती चुकीची नाही, पण तिच्यामुळे सेल लवकर उतरतो आणि एसएमपीएसला रोज सकाळी पूर्ण थंड अवस्थेतून उठावे लागते.

थंडीने काय बिघडते, हेही सांगतो. एसएमपीएसच्या आत नळकांड्यासारखे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून पुरवठा सपाट ठेवणारे भाग, असतात आणि त्यांच्यातला द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने हळूहळू कमी होतो. द्रव कमी झाला की कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो, आणि तो थंड असताना सर्वांत जास्त असतो. पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात कपॅसिटर किंचित तापतो, रोध उतरतो, पुरवठ्यातली खळबळ कमी होते आणि तिसऱ्या वेळी संगणक उठतो. दिवसभर तो उबदार असतो म्हणून तक्रार नसते. लक्षणे इतकी चपखल बसतात की मोह आवरणे कठीण जाते, तरीही हा निष्कर्ष चाचणीशिवाय मान्य करू नका.

म्हणून पहिल्या रात्रीची चाचणी फुकटची आहे. संगणक नेहमीप्रमाणे बंद करा, पण भिंतीवरचे बटण चालू राहू द्या. विजांचा कडकडाट असलेल्या रात्री हे करू नका, तेव्हा प्लग उपसून ठेवणेच योग्य. सलग दोन-तीन निरभ्र रात्री असे करून पाहा. सकाळी पहिल्या प्रयत्नात संगणक सुरू होऊ लागला, तर संशयितांची यादी जवळजवळ दोन नावांवर येते, ती म्हणजे सेल आणि एसएमपीएस. काहीच फरक पडला नाही, तर रॅम, तिचे स्लॉट आणि इतर जोड यांच्याकडे आधी जावे.

तुमचे घड्याळ मागे पडते, त्यामुळे निकाल काहीही लागला तरी सेल बदलायचाच आहे. तो सीआर २०३२ या नावाने घड्याळाच्या दुकानातही मिळतो. नवा सेल मल्टिमीटरवर तीन व्होल्टच्या थोडा वर दाखवतो, आणि २.७ च्या आसपास आलेला सेल मी परत बसवत नाही. बदलण्याआधी बायोसमध्ये जाऊन प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, विशेषतः डिस्कचा साटा मोड (बोर्डाने डिस्कशी बोलण्याची पद्धत) आणि बूटचा क्रम (कोणत्या डिस्कवरून आधी सुरू व्हायचे) दिसतो त्या पानांचा. सेल काढल्यावर या नोंदी कारखान्यातल्या मूळ स्थितीला जातात, आणि साटा मोड बदलला गेला तर विंडोज सुरू होताना निळा पडदा दाखवून अडते. ती चूक समजून परत विंडोज टाकणारे महाभाग मी पाहिले आहेत. डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवा, कारण अशा बदलानंतर ती मागितली जाऊ शकते. आणि ही कामे सुरू करण्याआधी महत्त्वाच्या फायलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर असावी, हे वेगळे सांगायला नको.

सेल बदलूनही सकाळचा त्रास राहिला, तर एसएमपीएस तपासण्याची वेळ आली. मल्टिमीटर असेल तर पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६, लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगी तारेवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट दिसायला हवेत. नव्या प्रकारच्या एसएमपीएसमध्ये साऱ्या तारा काळ्याच असतात, तिथे पिनांचा क्रम पाहून मोजावे लागते. आकडे या मर्यादेबाहेर गेले तर एसएमपीएस दोषी ठरला. आकडे मर्यादेत आले तर मात्र तो निर्दोष ठरत नाही, कारण पुरवठ्यातली सूक्ष्म खळबळ साध्या मल्टिमीटरला दिसत नाही. डेस्कटॉपच्या एसएमपीएससाठी ठरलेल्या एटीएक्स मानकाप्रमाणे ती बारा व्होल्टवर १२० मिलिव्होल्ट आणि पाच व्होल्टवर ५० मिलिव्होल्टच्या आत असावी लागते, आणि ते पाहायला विजेची लाट पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप लागतो, जो दुरुस्तीच्या दुकानांत क्वचितच असतो. म्हणून खरी चाचणी एकच: ओळखीच्या कोणाकडून खात्रीचा एसएमपीएस दोन-तीन दिवसांसाठी मागून आणावा, रात्री जोडावा, भिंतीवरचे बटण नेहमीसारखे बंद करावे आणि सकाळी पाहावे. जोडताना चोवीस पिनांच्या मोठ्या जोडाबरोबर प्रोसेसरजवळचा चार किंवा आठ पिनांचा बारा व्होल्टचा जोड विसरू नये, कारण तो राहिला तरी पंखे फिरतात आणि पडदा काळाच राहतो, म्हणजे आपणच नवा बिघाड तयार केलेला असतो.

एसएमपीएसचा डबा मात्र स्वतः उघडू नका. २३० व्होल्टच्या विजेपासून त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरवर तीनशेहून अधिक व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकून राहू शकतात. नवा घ्यायची वेळ आली तर कॅबिनेटबरोबर फुकट मिळणाऱ्या, '४५० वॅट' असे ठळक छापलेल्या हलक्या डब्यावर विसंबू नये. पेटीवरच्या एकूण वॅटपेक्षा डब्यावर चिकटवलेल्या तक्त्यात बारा व्होल्टवर किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे, कार्यक्षमतेचे '८० प्लस' प्रमाणपत्र असलेला घ्यावा, आणि खुशाल हातात धरून वजनही पाहावे. वजन हे काही शास्त्रीय मोजमाप नाही, पण मला त्याने क्वचितच फसवले आहे.

रॅमबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण खोडरबराचा उपाय आपल्याकडे घरगुती काढ्यासारखा झाला आहे. त्यात तथ्य नाही असे नाही. रॅमच्या कडेला असलेल्या सोनेरी पट्ट्यांवर धूळ, हाताचे तेल आणि दमट हवा यांचा थर बसतो आणि जोड कच्चा होतो. कोकणात जूनपासून चार महिने हवा इतकी ओली असते की कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तिथे हे व्हायचेच. पण त्या पट्ट्यांवरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो आणि शाईच्या खरखरीत रबराने दर पंधरवड्याला घासले तर तो निघून जातो. नंतर खालचा धातू उघडा पडून आणखी लवकर काळा पडतो आणि मग दर आठवड्याला घासावे लागते. मऊ पांढरे रबर, एकदाच, हलक्या हाताने, एवढेच ठीक. त्याहून चांगला उपाय म्हणजे न धागे सुटणाऱ्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसणे. शिवाय सगळेजण रॅम पुसतात आणि स्लॉट तसाच ठेवतात, वास्तविक मळ दोन्हीकडे असतो. स्लॉटमध्ये मऊ, कोरड्या ब्रशने आणि फुगवणीच्या रबरी चेंडूने धूळ काढावी. तोंडाने फुंकू नये, थुंकीचे थेंब जातात. काम करण्याआधी प्लग काढावा, मोठे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच आत हात घालावा.

रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एका रात्री एकच ठेवावी, दुसऱ्या रात्री दुसरी, आणि मग स्लॉट बदलून तेच. चार स्लॉट असतील तर एकटी पट्टी कोणत्या स्लॉटमध्ये लावायची हे बोर्डाच्या पुस्तिकेत दिलेले असते, बहुतेक वेळा तो प्रोसेसरकडून दुसरा असतो. पट्टी सरळ धरून दोन्ही टोकांना सारखी दाबावी आणि कडी आपोआप बसल्याचा आवाज ऐकावा. एका विशिष्ट पट्टीबरोबरच दोष फिरत असेल तर ती पट्टी वाईट, आणि पट्टी कोणतीही लावली तरी दोष एका स्लॉटलाच चिकटून राहत असेल तर स्लॉट वाईट. मेमटेस्टसारख्या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामची चाचणी रात्रभर चालवणे चांगलेच, पण ती चालते तेव्हा संगणक तापलेला असतो, त्यामुळे सकाळच्या थंडीत सुटणारा जोड तिच्यात सापडेलच असे नाही.

एक स्वस्त साधन मात्र प्रत्येकाने बाळगावे, ते म्हणजे बोर्डाला लावायचा छोटा बीप देणारा स्पीकर. हल्ली कॅबिनेटमध्ये तो नसतोच, पण दोन चहांच्या किमतीत मिळतो आणि बोर्डावर कॅबिनेटच्या बटणांच्या तारा लागतात तिथल्या जोडावर बसतो. सकाळी काळा पडदा आला की सलग बीप वाजतात का, ते ऐका. एका रात्री रॅम पूर्णपणे काढून ठेवा आणि सकाळी बटण दाबा. रॅम नसल्याची ओरड बीपने ऐकू आली, तर पुरवठा, प्रोसेसर आणि बायोस हे तिघेही त्या थंड क्षणी जिवंत आहेत, आणि मदरबोर्डावरचा बराचसा संशय तिथेच मावळतो. पूर्ण शांतता असेल तर दोष रॅमच्या आधीच्या पायरीवर आहे. किती बीप म्हणजे काय, याचे तक्ते बायोस बनवणाऱ्या कंपनीगणिक बदलतात, म्हणून तुमच्याच बोर्डाच्या पुस्तिकेतला तक्ता पाहावा. काही बोर्डांवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट अशी नावे लिहिलेले चार बारीक दिवे असतात. तुमच्या बोर्डावर ते असतील तर काळ्या पडद्याच्या वेळी कोणता दिवा लागून राहतो, हे पाहिल्यावर निम्मे काम झाले.

भिंतीकडे दुर्लक्ष करू नका, असे मी कळकळीने सांगतो, कारण ती चूक मी स्वतः केली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कार्यालयातला संगणक अगदी तुमच्यासारखाच सकाळी रुसत असे. माझ्या टेबलावर तो दर वेळी पहिल्या झटक्यात सुरू होई, आणि मी त्याचा आधी एसएमपीएस, मग बोर्डही बदलला. तिसऱ्या फेरीला कंटाळून त्यांच्या टेबलाखाली वाकलो, तेव्हा जुन्या एक्स्टेन्शन बोर्डाच्या एका भोकाभोवतीचे प्लास्टिक पिवळे पडून वितळलेले दिसले. आतली पितळी पट्टी सैल झाली होती. सकाळी पाचही यंत्रे एकदम सुरू झाली की तिथे ठिणग्या उडत आणि संगणकाला वीज तुटक मिळे. मदरबोर्डाचे पैसे मी परत केले, पण माझी लाज काही परत आली नाही. तेव्हा एका सकाळी संगणकाचा प्लग थेट भिंतीच्या वेगळ्या, घट्ट सॉकेटात घालून पाहा, आणि मध्ये यूपीएस असेल तर त्या दिवशी त्यालाही वगळा. काही स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना चौकोनी लाटेची वीज देतात आणि नव्या पद्धतीच्या काही एसएमपीएसना ती मानवत नाही.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ते अर्थिंग नसल्याचे लक्षण समजावे. एसएमपीएसच्या गाळणीतले दोन छोटे कपॅसिटर पत्र्यावर अत्यल्प प्रवाहाचा, पण जवळपास निम्म्या व्होल्टेजचा दाब आणतात आणि अर्थिंग असेल तर तो जमिनीत निघून जातो. हा संगणकाचा दोष नाही, वायरमनला बोलावण्याचे काम आहे आणि ते टाळू नये.

बाकीच्या शक्यता थोडक्यात सांगतो. झाकण उघडल्यावर प्रोसेसरच्या आसपासचे कपॅसिटर वरून फुगलेले किंवा बुडाशी तपकिरी डाग पडलेले दिसतात का, ते पाहावे. २००० नंतरच्या काही वर्षांतल्या बोर्डांना या रोगाने पछाडले होते. आताच्या बोर्डांवर बहुधा घन प्रकारचे कपॅसिटर असतात, त्यामुळे तुमच्या सात वर्षांच्या बोर्डावर तसे दिसण्याची शक्यता कमी आहे. आत मुंग्या, झुरळाची अंडी किंवा पालीची विष्ठा असेल तर ती कोरड्या ब्रशने काढावी, कोकणातल्या घरांत हे अजिबात नवलाचे नाही. कॅबिनेट थेट फरशीवर आणि ओल येणाऱ्या भिंतीला टेकून असेल तर चार बोटे उंच आणि वीतभर पुढे ओढावे. विंडोज ८ पासून आलेली, विंडोज लवकर सुरू करणारी फास्ट स्टार्टअपची सोय बंद करण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. ज्यांचा संगणक कंपनीचे चिन्ह दाखवून मग अडतो आणि रीस्टार्ट केल्यावर नीट येतो, त्यांच्यासाठी तो सल्ला उपयोगाचा आहे, तुमच्या बाबतीत नाही.

आता मदरबोर्डाचा निकाल. नवा सेल, उसना पण खात्रीचा एसएमपीएस, खात्रीची एकच रॅम पट्टी, भिंतीचा वेगळा सॉकेट, आणि डिस्क व जादा कार्डे काढून ठेवलेली, इतके सगळे एकाच वेळी असूनही सकाळी पडदा काळा राहिला, तर मग बोर्ड दोषी आहे असे मीही म्हणेन. प्रोसेसर स्वतःहून असा वागल्याचे उदाहरण माझ्या आठवणीत नाही, आणि उगाच तो काढून सॉकेटच्या केसासारख्या पिना वाकवण्याचा धोका घेऊ नये. सात वर्षांपूर्वीच्या प्रोसेसरला बसणारा नवा बोर्ड मिळणे कठीण असते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जुने काढलेले बोर्ड मिळतात, पण त्यांची हमी जेमतेम काही दिवसांची असते. त्याआधी हेही पाहावे की विंडोज १० ची मोफत साथ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे आणि विंडोज ११ साठी इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) लागते. तुमचे यंत्र नेमके या सीमेवरचे आहे. ते या अटींत बसत नसेल तर बोर्डावर खर्च करण्यापेक्षा ते पैसे नव्या यंत्रासाठी राखून ठेवलेले बरे.

दुकानात द्यावाच लागला तर ही वही बरोबर द्या आणि एक अट आधीच घाला. झाकण न उघडता, काहीही न हलवता संगणक रात्रभर प्लग काढून दुकानात ठेवावा, आणि सकाळी दुकान उघडल्यावर पहिले बटण तुमच्यासमोर दाबावे. मॉनिटर, तार आणि कीबोर्ड शक्यतो तुमचेच न्या. पडदा काळा राहिला तर त्याला तिथल्या तिथे खात्रीचा एसएमपीएस लावायला सांगा आणि त्या दिवशीची चाचणी तिथेच थांबवा, कारण एव्हाना यंत्र तापलेले असते. पुन्हा रात्रभर ठेवून दुसऱ्या सकाळी पाहायचे. जो दुकानदार यासाठी दोन दिवस मागेल, त्याच्याकडे यंत्र ठेवायला हरकत नाही.